कोलकात्याचा चिनेपाडा: टेरिटी बाजार, टँग्रा आणि आछिपूर नीट कसे पाहावेत

कोलकात्याला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट आणि वेळ असेल तर सुंदरबन एवढी यादी घेऊन जातात. चिनी वस्ती त्यात आलीच तर रविवारच्या न्याहारीपुरती येते. पहाटे टॅक्सीने जायचं, वाफाळलेले मोमो खायचे, फोटो काढायचे आणि आठ वाजता हॉटेलवर परत. ही न्याहारी चुकवू नका, पण तिच्या आधी एक संध्याकाळ आणि नंतर दीड दिवस जोडा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. भारतात एवढी मोठी आणि अजून नांदती चिनी वस्ती दुसरी नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षं या माणसांनी कोलकात्यात जहाजांची सुतारकी केली, जोडे शिवले, कातडी कमावली, दात बसवले आणि हॉटेलं चालवली. तो कामाचा धागा धरून फिरलात तर गल्ली, देऊळ, जेवणाचं ताट यांतल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो. नुसतं खाऊन परतलात तर एक गजबजलेला, थोडा कळकट बाजार तेवढा लक्षात राहतो.

आधी तीन जागा समजून घ्या

कोलकात्याची चिनी वस्ती एका ठिकाणी नाही. ती तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या काळांत उभी राहिली.

सगळ्यात जुनी जागा आछिपूर. शहरापासून साधारण तेहेतीस किलोमीटरवर, बजबजच्या पुढे, हुगळीच्या काठी. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत टोंग आच्यू नावाचा चिनी व्यापारी इथे आला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कंपनी सरकारने त्याला ६५० बिघे जमीन वर्षाला ४५ रुपये खंडाने दिली. त्याने तिथे ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि चीनहून मजूर आणले. गावाला नाव त्याच्यावरूनच पडलं. १७८३च्या सुमारास तो वारला, कारखाना मोडला आणि मजूर कामाच्या शोधात कोलकात्याला सरकले.

ते जिथे येऊन राहिले ती दुसरी जागा, टिरेटा बाजार. लालबाजार पोलीस मुख्यालयाच्या मागच्या अंगाला आहे. एदुआर्दो टिरेटा हा व्हेनिसकडचा माणूस कंपनी सरकारात रस्ते आणि इमारतींचा अधिकारी होता, बाजार त्याच्या मालकीचा. टॅक्सीवाल्याला मात्र ‘टेरिटी बाजार, पोद्दार कोर्ट’ असं सांगा, म्हणजे लगेच कळेल. एकोणिसाव्या शतकात हीच मुख्य चिनी वस्ती झाली. कारण सरळ आहे: नदी जवळ, गोदी जवळ. कोलकात्याहून दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदराला अफू आणि कापूस जायचा, येताना चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी यायची. त्याच जहाजांवरून खलाशी आणि सुतार उतरले. कॅन्टनकडचे लोक सुतारकामात आणि जहाजदुरुस्तीत शिरले, हक्का लोक (दक्षिण चीनमधला एक वेगळ्या बोलीचा समाज) जोडे आणि चामड्यात, हुबेकडचे लोक दंतवैद्यकात, शानडोंगचे रेशीम विकण्यात. कोणी काय करायचं हे बरंचसं गावावरून ठरत असे, कारण आधी आलेला माणूस आपल्याच गावच्या पोराला बोलावून कामाला लावी.

तिसरी जागा टँग्रा. शहराच्या पूर्वेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हक्का कुटुंबांनी इथल्या दलदलीच्या स्वस्त जमिनीवर कातडी कमावण्याचे कारखाने काढले. उच्चवर्णीयांनी विटाळ मानून टाकलेला हा धंदा. तो या लोकांनी उचलला आणि बिहारकडच्या चर्मकार व मुसलमान कामगारांना सोबत घेऊन वाढवला.

वस्ती जुन्या काळाकडून नव्याकडे वाढली. फिरताना मात्र तोच क्रम धरता येत नाही, कारण टेरिटी बाजाराचा दिवस रविवार पहाटेचा आणि आछिपूरला जायला मोकळी सकाळ लागते. म्हणून मी सुचवतो तो क्रम असा: शनिवारी संध्याकाळी बेंटिंक स्ट्रीट, रविवारी सकाळी टेरिटी बाजार, रविवारी रात्री टँग्रा, सोमवारी आछिपूर. इतिहास डोक्यात पक्का ठेवलात तर हा उलटसुलट क्रम त्रास देत नाही.

घरूनच करायची तयारी

मुंबईत राहत असाल तर पहिला टप्पा फुकटात आणि घराजवळ आहे. हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून माझगावातलं नवाब टँक रोडचं चिनी मंदिर पाहून या. ‘सी यूप कून’ हे त्याचं नाव आणि ते १९१९चं आहे. सी यूप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातले चार तालुके. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या तिकडच्या माणसांनी हे देऊळ उभं केलं. कोलकात्याच्या छातावाला गल्लीत ‘सी इप’ देऊळ दिसेल, तेही त्याच चार तालुक्यांचं. एकाच मुलखातली माणसं दोन बंदरांत उतरली आणि दोन्हीकडे त्यांनी आपल्या गाववाल्यांसाठी तीच सोय केली: वर देव, खाली बसायची जागा, नव्या माणसाला आसरा. माझगावचं छोटं देऊळ शांतपणे पाहिलेलं असलं की कोलकात्याच्या मोठ्या देवळांत काय पाहायचं ते कळतं.

तारीख ठरवताना आधी रविवार पाहा. टेरिटी बाजारात इतर दिवशीही थोडी न्याहारी मिळते, पण भरपूर पदार्थ आणि चिनी कुटुंबांची वर्दळ रविवारीच. हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे-जूनमधला दमट उकाडा या बोळांत असह्य होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचतं.

चिनी नववर्ष गाठायचं असेल तर ते दर वर्षी वेगळ्या तारखेला, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. २०२७ साली ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या दिवसांत टेरिटी बाजारात आणि टँग्र्यात सिंहनृत्याची पथकं दारोदार फिरतात. दुकानदार दारावर पाल्याची जुडी आणि पैशांचं लाल पाकीट टांगतो, सिंह उंच होऊन ते तोंडात घेतो. कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेली कुटुंबंही त्या वेळी परत येतात, त्यामुळे एरवी बंद दिसणारी घरं उघडी असतात. गर्दी अर्थातच फार. पहिल्यांदा जाणाऱ्याने नववर्षानंतरचा एखादा रविवार निवडावा असं मला वाटतं. उत्साह टिकून असतो आणि माणसांना बोलायला सवड असते.

महाराष्ट्रातून जायला रेल्वे सोयीची आहे. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस आणि हावडा मेल, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस, तिन्ही नागपूरमार्गे हावड्याला जातात. मुक्काम एस्प्लनेड, चांदनी चौक किंवा सदर स्ट्रीटच्या परिसरात करा. सॉल्ट लेक किंवा न्यू टाउनमध्ये राहिलात तर रविवारी पहाटेची टॅक्सी मिळवण्यातच शक्ती जाईल.

शनिवार संध्याकाळ: बेंटिंक स्ट्रीट

रविवारी या भागातली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून ही फेरी आदल्या संध्याकाळीच उरका. एस्प्लनेडहून उत्तरेला चालू लागा. एके काळी या रस्त्यावर चिनी चांभारांच्या दुकानांची रांग होती आणि पायाचं माप घेऊन जोडा शिवून मिळे. आता मोजकी उरली आहेत. चामड्याचा जोडा घ्यायचा विचार असेल तर इथेच घ्या. वरच्या पाट्यांवर एखाद्या चिनी दंतवैद्याचं नावही दिसेल. मुंबईच्या जुन्या पिढीला चिनी दाताचे डॉक्टर आठवत असतील, तेही मूळचे बहुधा हुबेचेच.

तसेच पुढे जाऊन टेरिटी बाजारातली सॉसची खरेदीही करून टाका. पाउ चोंग हे इथलं जुनं नाव. त्यांचा हिरव्या मिरचीचा सॉस बंगाली घरांत रोज लागतो, मोहरीची कासुंदीही चांगली. बाटल्या जड असतात. तेव्हा विमानाने परतणार असाल तर जुन्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा.

रविवार पहाट: न्याहारी

कोलकात्यात मुंबईपेक्षा तासभर आधी उजाडतं. हे लक्षात न घेता ‘सातला निघू’ म्हणणारा माणूस आठला बाजारात पोचतो आणि रिकाम्या करंड्या पाहतो. सहा ते साडेसहाच्या दरम्यान पोद्दार कोर्टाजवळ उभे असाल असं बघा. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून टॅक्सी किंवा सरळ पायी. एस्प्लनेडहून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

बाजार म्हणजे सन यत-सेन स्ट्रीटचा छोटासा तुकडा आणि त्याच्या आजूबाजूचा फुटपाथ. एका बाजूला भाजी, मासळी, कोंबड्या आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमची वाफेची भांडी. जमीन ओली आणि निसरडी, त्यामुळे चांगल्या तळाचे बूट घाला. बसायला टेबल-खुर्ची नाही. उभ्यानेच, हातात प्लेट घेऊन खायचं. विकणाऱ्यांत चिनी चेहरे आता कमी आहेत. बरेच जण बंगाली, बिहारी, नेपाळी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी हे पदार्थ चिनी मालकांच्या हाताखाली शिकून घेतले.

आधी एक फेरी मारून सगळं बघून घ्या आणि मग खायला लागा, कारण पहिल्याच गाडीवर पोट भरतं. मांसाहारी असाल तर पोर्कचा बाओ, म्हणजे वाफवलेला पांढरा पाव ज्यात आत खारट-गोड मांस भरलेलं असतं, तो आधी घ्या. मग शुमाई, जी वरून उघडी, पातळ आवरणाची पुरचुंडी असते. त्यानंतर माशाच्या गोळ्यांचं सूप. हे सूप फार साधं असतं, मीठ, पाती, मिरपूड एवढंच, पण हिवाळ्याच्या पहाटे त्यासारखं दुसरं काही नाही. बांबूच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात दिसला तर सोडू नका. त्यात मांसाबरोबर मूग घालतात आणि तो पोटाला दुपारपर्यंत पुरतो. सुकवलेली गोडसर पोर्क सॉसेजं घरी न्यायला मिळतात, पण ती शिजवूनच खायची असतात.

पोर्क न खाणाऱ्यांनी प्रत्येक गाडीवर स्पष्ट विचारावं: “दादा, इसमें पोर्क है?” कोणी रागवत नाही, सरळ उत्तर देतात. चिकनचे मोमो आणि बाओ मिळतात. शाकाहारी मंडळींना सांगायचं तर इथे त्यांच्यासाठी फार काही नाही. तीळ लावून तळलेले गोड सारणाचे गोळे, साधे वाफवलेले गोड केक आणि जवळच मिळणारी पुरी-भाजी यांवर काम चालवावं लागेल. भांडी आणि तेल वेगळं असेलच असं नाही, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर हॉटेलवर खाऊन निघा आणि बाजार फक्त पाहा. बाजार तसाही पाहण्यासारखा आहे.

दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. फोन वापरून पैसे घेणारे आहेत, पण सकाळच्या घाईत रोख देणं दोघांनाही सोपं. साडेआठपर्यंत बरंचसं आवरतं.

नऊ ते साडेअकरा: देवळं

सगळे परततात तेव्हा तुम्ही थांबा. माझ्या मते चिनेपाड्याचा खरा गाभा या देवळांत आहे, म्हणून वेळही इथेच सर्वांत जास्त द्या.

पाटीवर ‘चर्च’ दिसलं म्हणून मागे फिरू नका. इंग्रजी अमदानीत इथल्या चिनी देवळांच्या नावांना चर्च हा शब्द जोडला गेला तो अजून आहे. प्रत्येक देऊळ एखाद्या मुलखाच्या मंडळाचं. देवाची जागा बऱ्याचदा पहिल्या मजल्यावर आणि खाली मंडळाचा दिवाणखाना, जिथे म्हातारी माणसं वर्तमानपत्र वाचत किंवा माहजोंग खेळत बसलेली दिसतात. तिथे आधी नमस्कार करून “वर जाऊ का?” असं विचारा. बंगाली आली तर उत्तम, नाही तर हिंदी सगळ्यांना कळते. पुरुषाला ‘दादा’ किंवा वयस्काला ‘अंकल’, बाईला ‘दीदी’ किंवा ‘आंटी’ म्हणतात. ही माणसं कित्येक पिढ्यांची कोलकात्याची आहेत. त्यांना “तुम्ही कुठल्या देशाचे?” असं विचारणं फार लागतं, ते कृपा करून टाळा.

सुरुवात छातावाला गल्लीतल्या सी इप देवळापासून करा. स्थापना १८८२ची, आताची इमारत १९०५ची. इथे मुख्य देवता क्वान यिन, करुणेची देवी. तिच्यासमोर मराठी माणसाने जरा जास्त वेळ उभं राहावं. क्वान यिन म्हणजे भारतातून चीनला गेलेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये शतकांच्या ओघात तो स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. आपल्या औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. संकटात त्याचा धावा करणारी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना कोरली आहेत आणि त्या संकटांत बुडणारं जहाजही आहे. कान्हेरीतही असाच पट आहे. समुद्रावर जाणाऱ्याचा हा रक्षक महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरला गेला आणि बऱ्याच शतकांनी तोच देव, देवी होऊन, दक्षिण चीनच्या सुतारांबरोबर हुगळीच्या बंदरात उतरला. मला या सगळ्या सहलीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शक्य असेल तर जाण्याआधी औरंगाबादचं किंवा कान्हेरीचं ते शिल्प एकदा पाहून घ्या.

तिथून ब्लॅकबर्न लेनमध्ये टूंग ऑन देऊळ, १९२४चं. याच इमारतीत खालच्या बाजूला नानकिंग नावाचं हॉटेल होतं, एके काळी शहरातलं फार नावाजलेलं. ते केव्हाच बंद झालं. वर गाभाऱ्यापुढचं लाकडी कोरीवकाम सोनेरी मुलाम्याचं आहे. घाईने पाहिलं तर नुसती नक्षी वाटते. नीट पाहा, त्यात घोडे, रथ, दरबार, लढाया अशी पुरी कथानकं आहेत. लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा देव म्हणजे क्वान यू. तिसऱ्या शतकातला हा सेनापती दिलेल्या शब्दाला आणि मानलेल्या भावांना जागला म्हणून देव झाला. परक्या मुलखात शब्दावर व्यवहार करणाऱ्या माणसांनी त्याला मुख्य स्थान दिलं यात नवल नाही. इथे जवळपास प्रत्येक देवळात तो भेटेल. याच गल्लीत जी हिंग आणि सी वोई यून लियोंग फूथ ही देवळंही आहेत. दारं उघडी दिसली तर जा, नाही तर पुढे चला.

डॅमझेन लेनमधलं नाम सून देऊळ शेवटी ठेवा. नान्हाई आणि शुन्दे या दोन तालुक्यांच्या लोकांचं हे देऊळ १८२०चं मानतात, म्हणजे यांतलं सर्वांत जुनं. समोर अंगण आहे, गल्लीचा गोंगाट तिथे थांबतो. अर्धा तास बसायला हरकत नाही.

देवळांतले रिवाज सोपे आहेत. उदबत्त्या साधारण तीन लावतात, दोन्ही हातांनी कपाळाशी नेऊन मग राखेच्या भांड्यात खोचतात. कौल घ्यायची पद्धतही आहे. बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या काड्या असतात, गुडघे टेकून नळकांडं हलवायचं, जी एक काडी बाहेर पडेल तिच्या क्रमांकाची चिठ्ठी वाचायची. राखणदाराने बोलावलं तरच करून पाहा, खेळ म्हणून नको. फोटोआधी विचारा, आणि कोणी पूजा करत असेल तर विचारूही नका, थांबा. दानपेटीत काही तरी टाकाच. वापरणारी कुटुंबं कमी झाल्यावर एवढ्या जुन्या लाकडाची, छपराची निगा राखणं या मंडळांना किती जड जात असेल ते आत गेल्यावर दिसतं.

गल्ल्यांमधून फिरताना एक प्रश्न पडतोच: वस्ती एवढी विरळ का झाली? काही भाग नव्या रस्त्यासाठी आणि इमारतींसाठी पाडला गेला. पण मोठं कारण १९६२. चीनशी युद्ध झालं आणि इथे जन्मलेल्या चिनी वंशाच्या माणसांकडे शत्रू म्हणून पाहिलं गेलं. सुमारे ३,००० जणांना, त्यांतले बहुसंख्य आसाम आणि उत्तर बंगालमधले, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, काहींना १९६७पर्यंत. कोलकात्यातल्या लोकांवर पोलिसांत हजेरी, प्रवासाला परवानगी अशी बंधनं आली. नोकऱ्या गेल्या, दुकानं बंद पडली. पुढच्या वर्षांत हजारो कुटुंबं टोरांटोला आणि इतरत्र निघून गेली. एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेली वस्ती आज दोन हजारांच्या घरात आहे. हे जाणून मगच जा, पण स्वतःहून हा विषय काढू नका. कोणी सांगू लागलं तर गप्प बसून ऐका.

देवळांनंतर पायांत बळ असेल तर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात १७२४चं आर्मेनियन चर्च, १८८४चं मागेन डेव्हिड सिनेगॉग, पोर्तुगीज चर्च आणि मेटकाफ स्ट्रीटची पारशी अग्यारी आहे. अग्यारीत पारशांशिवाय प्रवेश नाही, सिनेगॉगला ओळखपत्र लागतं. एकाच बंदराच्या मागे एवढे लोक येऊन राहिले होते, हे पायी चालल्याशिवाय उमगत नाही.

जेवायला गणेशचंद्र ॲव्हेन्यूवरचं यू च्यू. पेट्रोल पंपाच्या वर, जिना चढून जायचं. १९२०च्या दशकापासून एकाच कुटुंबाने चालवलेलं हे हॉटेल. मधोमध निखाऱ्याची नळी असलेल्या भांड्यात येणारं चिमणी सूप चार जण असाल तरच मागवा. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारून घेतलेली बरी. दुपारी मात्र झोप काढा.

रविवार रात्र: टँग्रा

टँग्र्याला टॅक्सीने जा आणि टॅक्सीनेच या. सायन्स सिटीकडून जवळ पडतं. शक्यतो उजेड असताना, पाचच्या सुमारास पोचा, म्हणजे आधी गल्ल्या पाहता येतील. उंच भिंती, मोठी लोखंडी फाटकं, वर चिनी अक्षरं: हे सगळे जुने कातडी कारखाने. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे हे कारखाने हलवायचा आदेश दिला आणि धंदा बानतल्याच्या चर्मसंकुलात गेला. ज्यांना तिकडे जाणं परवडलं नाही त्यांनी कारखान्याच्या जागेत हॉटेलं, सॉसचे कारखाने, गोदामं काढली. म्हणजे आज टँग्रा खाण्यासाठी प्रसिद्ध आहे तो एक धंदा हातातून गेल्यानंतर माणसांनी शोधलेला मार्ग आहे.

मठेश्वरतला रोडवरचं चिनी कालीमंदिर आवर्जून पाहा. झाडाखालच्या दोन काळ्या दगडांची स्थानिक लोक पूजा करीत. एक चिनी मुलगा फार आजारी पडला, त्याला या दगडांजवळ आणून ठेवलं आणि तो बरा झाला, तेव्हापासून चिनी कुटुंबंही इथे येऊ लागली, असं सांगतात. प्रसादाला नूडल्स आणि चॉप सुई असतं. उदबत्त्या चिनी, पूजा बंगाली पद्धतीची. पूजेची वेळ संध्याकाळची, तेव्हाच गेलेलं चांगलं.

जेवायला बेजिंग, काफुलोक, गोल्डन जॉय ही नावाजलेली हॉटेलं. ताटं मोठी येतात, तिघांत दोन पदार्थ आणि एक भात किंवा नूडल्स पुरे. चिली चिकन, मीठ-मिरीतली कोळंबी, हक्का नूडल्स ही इथली खासियत. हे खाणं चीनमधलं नाही, हे कोलकात्याचं आहे: आलं-लसूण-हिरवी मिरची इथली, कढई आणि आच त्यांची. याचीच एक शाखा मुंबईला आली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा चिकन मंचुरियन केलं, असं ते सांगत आले. आज कोल्हापूर-जळगावच्या गाड्यांवर मिळणाऱ्या मंचुरियनचं मूळ असं या वस्तीत आहे. शाकाहाऱ्यांना टँग्र्यात अडचण नाही, पनीर, भाज्या, मशरूम सगळं मिळतं.

सोमवार: आछिपूर

सियालदहच्या दक्षिण विभागातून बजबज लोकल पकडा. सकाळी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांना गर्दी कमी असते. तासाभरात बजबज येतं. स्टेशनच्या नावात कोमागाटा मारू जोडलेलं दिसेल. कॅनडाने परत पाठवलेल्या या जहाजातल्या शीख प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ला इथेच गोळीबार झाला होता. त्यांचं स्मारक जवळच आहे, दहा मिनिटं काढून पाहा. पुढे आछिपूरला रिक्षा मिळतात. ‘चीनामनतला’ असं सांगायचं आणि परतीसाठी त्याच रिक्षावाल्याशी ठरवून ठेवायचं, कारण तिथे दुसरी सहज मिळत नाही.

टोंग आच्यूची समाधी नदीकाठावर, उघड्यावर आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराची, लाल रंगवलेली. समोर रुंद हुगळी आणि तिच्यातून हळू जाणारी मालवाहू जहाजं. थोड्या अंतरावर देऊळ. आत भूमीचे देव-देवी आहेत, आपल्याकडच्या क्षेत्रपालासारखे. गावकरी त्यांना खुदा-खुदी म्हणतात. शेजारीच दक्षिणराय या सुंदरबनच्या वाघदेवाचं ठाणं आहे आणि चिनी भाविक दोन्हीकडे उदबत्ती लावतात. नववर्षानंतरच्या रविवारी कोलकात्याहून कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात, फळं, मिठाई, भाजलेलं डुक्कर वाहतात. एरवी कोणी नसतं. देवळाला कुलूप दिसलं तर शेजारच्या घरी विचारा, किल्ली राखणदाराकडे असते.

पाणी, डोक्याला टोपी आणि थोडा खाऊ बरोबर न्या, जवळ धड हॉटेल नाही. बारापर्यंत निघालात तर दुपारच्या लोकलने आरामात सियालदह गाठता येतं. रात्रीची गाडी हावड्याहून असेल तर सामान घेऊन पुलावरच्या कोंडीत अडकू नका: सियालदहहून ग्रीन लाइनची मेट्रो नदीखालून थेट हावडा स्टेशनला जाते.